ऐंशी हवेत, दिसतात चाळीस

झिऑन गोल्ड ६१४८ या प्रोसेसरमध्ये २० कोअर असतात. हायपरथ्रेडिंग चालू असेल तर प्रत्येक कोअर ऑपरेटिंग सिस्टिमला दोन प्रोसेसर म्हणून दिसतो. असे दोन प्रोसेसर एका सर्व्हरमध्ये, म्हणजे २ × २० × २ = ८० लॉजिकल प्रोसेसर. आमच्या नोंदींमध्ये ८० होते, क्षमतेच्या तक्त्यात ८० होते, आणि एका होस्टवर, म्हणजे एका प्रत्यक्ष सर्व्हरवर, किती व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) बसवायची याचा हिशोबही त्याच ८० वर चालत होता. सर्व्हरवर मात्र कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ४० च प्रोसेसर वापरत होता, आणि हे असं बराच काळ चालू होतं.

कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण काहीच बंद पडलं नव्हतं. व्हीएम सुरू होत होती, चालत होती. थोडी संथ वाटायची, पण होस्ट भरलेला असला की संथपणा येतो असं सगळे धरून चालले होते. बिंग फुटलं ते एका डेटाबेसच्या व्हीएममुळे. याच सर्व्हरचा जुळा भाऊ, तेच मॉडेल, तेवढीच मेमरी, फर्मवेअर अपडेटसाठी रिकामा करायचा होता. त्यावरचं डेटाबेसचं व्हीएम बंद करून इकडे आणलं, आणि ते सुरूच होईना. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना ओळखीचा वाटेल असा संदेश आला: सीपीयूसेटच्या (कुणी कोणते प्रोसेसर वापरायचे त्या यादीच्या) फाइलमध्ये लिहिता आलं नाही, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'.

हे व्हीएम विचारपूर्वक बांधलेलं होतं. त्याला आठ व्हीसीपीयू, म्हणजे व्हीएमला दिसणारे प्रोसेसर, होते आणि प्रत्येक व्हीसीपीयू होस्टवरच्या एका ठरावीक लॉजिकल प्रोसेसरला पिन केलेला, म्हणजे कायमचा बांधलेला, होता: ० आणि ४०, १ आणि ४१, २ आणि ४२, ३ आणि ४३. या जोड्या अशाच का, ते हायपरथ्रेडिंगच्या क्रमांकांवरून कळतं. आमच्या या सर्व्हरवर लिनक्स आधी सगळ्या कोअरांचे पहिले थ्रेड (कोअर ज्या दोन प्रोसेसरांसारखा दिसतो त्यांतला एकेक) मोजतो, ० ते ३९, आणि मग त्याच क्रमाने दुसरे थ्रेड, ४० ते ७९. त्यामुळे ० आणि ४० हे एकाच कोअरचे दोन थ्रेड. व्हीएमच्या आतही चार कोअर आणि प्रत्येकी दोन थ्रेड अशीच रचना सांगितलेली होती, म्हणजे गेस्टच्या (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमच्या) शेड्यूलरला, कामं प्रोसेसरांना वाटणाऱ्या भागाला, खरी परिस्थिती दिसत होती. जुळ्या सर्व्हरवर हे सुरळीत चाललं होतं. इथे ४० क्रमांकाचा प्रोसेसर मागितला की कर्नल नाही म्हणत होता.

एलएससीपीयू ही प्रोसेसरांची माहिती देणारी कमांड चालवली आणि पहिला धागा हाती आला. एकूण सीपीयू ८०. ऑनलाइन सीपीयूंची यादी ० ते ३९. ऑफलाइन सीपीयूंची यादी ४० ते ७९. दर कोअरमागे थ्रेड १.

माझ्याबरोबर शिफ्टला असलेल्या सहकाऱ्याचं म्हणणं पडलं, "अगं, बायोसमध्ये बंद असेल. मागे मदरबोर्ड बदलला की सेटिंग मूळ पदावर जातं." त्याची शंका रास्त होती. अनेक सर्व्हरांवर तसं घडतं, आणि प्रत्येक उत्पादकाच्या बायोसमध्ये (सर्व्हर सुरू होताना आधी चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये) हा पर्याय वेगळ्या नावाने असतो: कुठे 'लॉजिकल प्रोसेसर', कुठे 'हायपर-थ्रेडिंग', एएमडीच्या यंत्रांवर 'एसएमटी मोड'. पण बायोसच्या पडद्यापर्यंत जायचं तर सर्व्हर रीबूट करावा लागणार होता आणि त्यावर इतरांची व्हीएम चालू होती. शिवाय ती ऑफलाइनची ओळ वेगळंच सांगत होती. बायोसने हायपरथ्रेडिंग बंद केलं असतं तर ते ४० थ्रेड कर्नलला दिसलेच नसते, एलएससीपीयूने एकूण आकडाच ४० सांगितला असता. इथे कर्नलला ८० ची पूर्ण कल्पना होती आणि त्याने ४० बाजूला ठेवले होते. माझं लक्ष बायोसवरून कर्नलकडे वळलं ते यामुळे.

इथे एका फसव्या खुणेबद्दल थांबून सांगायलाच हवं, कारण तिच्यावर विसंबून लोकांचे तासचे तास जातात. लिनक्सच्या सीपीयूइन्फो या फाइलमध्ये प्रोसेसरच्या क्षमतांची जी लांबलचक यादी असते, तिच्यात 'एचटी' हा फ्लॅग असतो. तो दिसला की हायपरथ्रेडिंग चालू आहे असं समजलं जातं. तसं नसतं. हा फ्लॅग सीपीयूआयडीमधल्या (प्रोसेसर स्वतःबद्दल देतो त्या माहितीतल्या) एका बिटवरून येतो आणि त्याचा अर्थ इतकाच की या एका चिपमध्ये एकाहून जास्त लॉजिकल प्रोसेसर असू शकतात. ज्या चिपमध्ये अनेक कोअर आहेत पण हायपरथ्रेडिंग मुळातच नाही, तिच्यावरही तो दिसतो. बंद केल्यावरही दिसतो. आमच्या दोन्ही सर्व्हरांवर तो होता. त्याच फाइलमधल्या दोन वेगळ्या ओळी जास्त कामाच्या आहेत: 'सिब्लिंग्ज' (एका प्रोसेसरमधले चालू थ्रेड) आणि 'सीपीयू कोअर्स'. जुळ्या सर्व्हरवर त्या ४० आणि २० होत्या, इकडे २० आणि २०. सिब्लिंग्ज कोअरच्या दुप्पट असतील तर हायपरथ्रेडिंग खरोखर चालू आहे, सारखे असतील तर नाही.

डीएमआयडीकोडने मात्र याही सर्व्हरवर दर प्रोसेसरमागे २० कोअर आणि ४० थ्रेड सांगितले. ती कमांड फर्मवेअरने बूटच्या वेळी भरून ठेवलेले तक्ते वाचते, कर्नलने नंतर काय केलं याच्याशी तिचा संबंध नसतो. आमच्या तक्त्यातले ८० कुठून आले होते, तेही इथेच कळलं: यादी बनवणारी स्क्रिप्ट डीएमआयडीकोडवरून थ्रेड मोजत होती. त्या आकड्यावर आम्ही व्हीसीपीयूंचं प्रमाण काढत होतो आणि प्रत्यक्षातलं प्रमाण त्याच्या दुप्पट होतं. तीन व्हीसीपीयूंमागे एक लॉजिकल प्रोसेसर असं कागदावर दिसत असताना खाली सहांमागे एक होता. होस्ट संथ का, याचं उत्तर इतक्या सरळ गुणाकारात होतं.

तुलनेसाठी जुळ्या सर्व्हरवर लिबव्हर्टची व्हर्श नोडइन्फो ही कमांडही चालवून पाहिली. तिथे सहकारी पुन्हा चमकला, कारण सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागा, दोनऐवजी १ दिसले. ही लिबव्हर्टची जुनी रीत आहे. तो सॉकेटचा आकडा एका न्यूमा सेलपुरता (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांच्या गटापुरता) असतो आणि खाली सेल २ असं वेगळं लिहिलेलं असतं. चारही आकडे गुणले की बरोबर ८० येतात.

आता बंद कुणी केलं हा प्रश्न उरला. लिनक्सच्या सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) सीपीयूच्या फोल्डरखाली 'एसएमटी' नावाचं फोल्डर असतं. कर्नल ४.१९ पासून ते आहे आणि जुन्या कर्नलांनाही पॅचमधून मिळालं. एसएमटी हे या तंत्राचं सर्वसाधारण नाव, हायपरथ्रेडिंग हे इंटेलचं. त्यात दोन फाइली असतात, 'अ‍ॅक्टिव्ह' आणि 'कंट्रोल'. कंट्रोलमध्ये 'ऑन' असेल तर दुसरे थ्रेड चालू. 'ऑफ' असेल तर बंद, पण तिथेच 'ऑन' लिहून चालत्या सर्व्हरवर परत आणता येतात. 'फोर्सऑफ' असेल तर पुढच्या बूटपर्यंत काही करता येत नाही. 'नॉटसपोर्टेड' म्हणजे दुसरे थ्रेड कर्नलला मिळालेलेच नाहीत, आणि बायोसकडे जायची वेळ तेव्हा येते. आमच्याकडे होतं 'ऑफ'.

बूटची कमांडलाइन, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांची ओळ, उघडली. 'नोएसएमटी' असा सुटा पॅरामीटर शोधला तर नव्हता. होता तो दुसऱ्याच्या पोटात: 'मिटिगेशन्स' या पॅरामीटरची किंमत 'ऑटो' आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन 'नोएसएमटी'. या जोडीचा अर्थ असा की प्रोसेसरमधल्या ज्ञात त्रुटींवर कर्नलने आपणहून उपाय करावेत, आणि एखाद्या त्रुटीवर पूर्ण उपाय दुसरा थ्रेड बंद केल्याशिवाय होत नसेल तर तोही बंद करावा. बूटच्या लॉगमध्ये त्याची एकच छोटी ओळ होती, 'एसएमटी: डिसेबल्ड'. शेकडो ओळींमध्ये ती सहज नजरेआड होते.

त्याच लॉगवरून आणखी एक गोष्ट वाचत गेले आणि ती मला फार आवडली. असा पॅरामीटर दिला तरी कर्नल दुसरे थ्रेड बूटच्या वेळी एकदा जागे करतोच आणि मग ऑफलाइन करतो. कारण हार्डवेअरची गंभीर चूक झाली की मशीन चेक एक्सेप्शन सगळ्या लॉजिकल प्रोसेसरांना एकदम पाठवलं जातं. ज्याच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये ते स्वीकारायचा बिट लावलेला नाही असा एखादा थ्रेड तेव्हा निघाला तर सगळी यंत्रणाच बंद पडू शकते. म्हणून झोपवायच्या आधी प्रत्येकाला तेवढं तयार करून ठेवावं लागतं.

इथवर आल्यावर 'कंट्रोल'मध्ये 'ऑन' लिहिणं हातातच होतं. तसं लगेच करायचं नाही असं आम्ही ठरवलं. मिटिगेशन्सपुढे नोएसएमटी आपोआप येत नाही, ते कुणीतरी लिहावं लागतं, आणि लिहिणाऱ्याकडे कारण असतं.

कारण समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. एका कोअरमध्ये गणित करणाऱ्या, मेमरी वाचणाऱ्या अशा अनेक शाखा असतात आणि एकच थ्रेड चालवला तर त्यातल्या बऱ्याच बसून राहतात. तो थ्रेड मेमरीची वाट पाहत थांबला की सगळा कोअरच थांबल्यासारखा होतो. डीन टलसेन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात १९९५ मध्ये एकाच वेळी अनेक थ्रेडना या शाखा वाटून देण्याची कल्पना मांडली. इंटेलने २००२ मध्ये झिऑनमध्ये आणि मग पेंटियम ४ मध्ये ती हायपरथ्रेडिंग म्हणून आणली. तेव्हा इंटेलने सर्व्हरच्या कामांसाठी ३० टक्क्यांपर्यंत फायदा सांगितला होता, आणि त्यासाठी चिपचं क्षेत्रफळ ५ टक्क्यांहून कमी वाढलं होतं. पण शाखांबरोबर पहिल्या पातळीचा डेटा कॅशही (कोअरमधली छोटी, वेगवान मेमरी) दोन्ही थ्रेडमध्ये सामायिक असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये एल१टीएफ ही त्रुटी जाहीर झाली. एका व्हीएममधला कोड त्या कॅशमध्ये पडलेला दुसऱ्या व्हीएमचा डेटा अंदाजी अंमलबजावणीच्या (पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवण्याच्या) वाटेने वाचू शकतो, हे तिच्यातून समोर आलं. व्हीएममध्ये शिरताना कॅश रिकामा करून निम्मी वाट बंद होते. पण त्याच कोअरच्या दुसऱ्या थ्रेडवर त्या क्षणी दुसऱ्या कुणाचं व्हीएम चालू असेल तर रिकामा केलेला कॅश पुन्हा भरत राहतो. मे २०१९ मध्ये एमडीएस नावाच्या त्रुटींनीही हाच प्रश्न पुन्हा उभा केला. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने तर जून २०१८ मध्येच इंटेलच्या प्रोसेसरांवर हायपरथ्रेडिंग मुळातून बंद ठेवायला सुरुवात केली होती.

६१४८ हा या दोन्ही त्रुटींच्या टप्प्यात येतो. बदलांच्या नोंदींमध्ये शोधल्यावर २०१९ च्या उन्हाळ्यातली नोंद सापडली: या होस्टवर बाहेरच्या लोकांची व्हीएम आहेत, ती स्वतःचा कोड चालवतात, म्हणून नोएसएमटी. जुळ्या सर्व्हरवर तेव्हाही फक्त आमचीच व्हीएम होती, म्हणून तिथे नाही. निर्णय त्या वेळी पूर्ण बरोबर होता आणि ज्याने तो घेतला त्याने नीट विचार केला होता. फक्त तो बूटच्या ओळीत आणि त्या नोंदीत राहिला, क्षमतेच्या तक्त्यापर्यंत पोहोचला नाही.

सुरक्षेचं काम पाहणाऱ्या मॅडमना विचारलं. त्यांनी आधी आताच्या व्हीएमची पूर्ण यादी मागितली, प्रत्येकाचा मालक कोण आणि आत कोण लॉगिन करतं हे तपासलं. बाहेरच्यांची व्हीएम दरम्यान दुसऱ्या होस्टांवर गेलेली होती. तेव्हा त्या म्हणाल्या, "चालू करा, पण या होस्टवर पुढे कुणाचं व्हीएम येऊ शकतं ते लिहून ठेवा. नाहीतर उद्या कुणी बाहेरचं बसवेल आणि कुणाला आठवणारही नाही." ते आधी लिहिलं, मग पुढचं पाऊल.

देखभालीच्या वेळेत 'ऑन' लिहिलं. एलएससीपीयूने लगेच ८० ऑनलाइन दाखवले. शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरच्या सिब्लिंगच्या यादीत ० आणि ४० दिसू लागले. आता डेटाबेसचं व्हीएम सुरू केलं. ते पुन्हा अडलं, त्याच फाइलवर. फक्त शेवटचे शब्द बदलले होते: आधी 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट', आता 'परमिशन डिनाइड'.

हा संदेश माणसाला चुकीच्या वाटेला लावतो. परवानगी म्हटलं की फाइलचा मालक, एसईलिनक्सचे सुरक्षानियम, लिबव्हर्टचा वापरकर्ता असं सगळं आठवतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. हा होस्ट सीग्रुपची (कामांचे गट करून त्यांना प्रोसेसर, मेमरी वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) पहिली आवृत्ती वापरत होता. त्या आवृत्तीत सीपीयूसेटच्या प्रत्येक गटाकडे आपली प्रोसेसरांची यादी असते आणि मुलाची यादी पालकाच्या यादीबाहेर जाऊ शकत नाही. सगळ्या व्हीएमचा पालक म्हणजे 'मशीन डॉट स्लाइस' हा गट. तो बूटच्या वेळी बनला तेव्हा ० ते ३९ च ऑनलाइन होते, म्हणून त्याच्या यादीत तेवढेच आले. नंतर नवे प्रोसेसर ऑनलाइन झाले तर सर्वांत वरच्या मूळ गटाची यादी वाढते, खालच्या गटांची वाढत नाही. म्हणजे पहिल्यांदा ४० हा प्रोसेसर व्यवस्थेतच नव्हता, म्हणून मागणी अवैध. आता तो व्यवस्थेत होता पण पालकाकडे नव्हता, म्हणून मनाई. दोन्ही संदेश आपापल्या जागी अचूक होते.

आधीपासून चालू असलेल्या व्हीएमचीही हीच गत होती. एमपीस्टॅट या कमांडने प्रत्येक प्रोसेसर वेगळा दाखवला तर ० ते ३९ कामात आणि ४० ते ७९ जवळजवळ रिकामे. एकूण आकडा पाहून कुणी म्हणालं असतं, झालं काम. प्रत्यक्षात व्हीएमना एकही नवा थ्रेड मिळालेला नव्हता. वरून खाली जात प्रत्येक गटाच्या यादीत ० ते ७९ लिहिलं तर हे सुटतं, आणि पडताळणीसाठी तेवढं मशीन डॉट स्लाइसपुरतं करून पाहिलंही. डेटाबेसचं व्हीएम उभं राहिलं. पण सगळ्या व्हीएमसाठी हाताने यादी बदलत बसण्यापेक्षा बूटच्या ओळीतून नोएसएमटी काढून, मिटिगेशन्स नुसतं ऑटोवर ठेवून, सर्व्हर नीट रीबूट करणं मला जास्त भरवशाचं वाटलं, आणि तसंच केलं. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत मागितलेली यादी आणि प्रत्यक्ष लागू असलेली यादी वेगवेगळी ठेवतात, आणि लागू यादी प्रोसेसर परत आले की आपोआप वाढते. तिथे हा त्रास होत नाही.

८० आल्यावर आलेखांचं वाचन बदलावं लागलं, आणि यावर मी सगळ्यांशी बराच वेळ बोलले. हायपरथ्रेडिंग चालू असताना होस्टचा वापर ५० टक्के दिसतो तेव्हा निम्मी क्षमता शिल्लक आहे असं कुणीही धरू नये. शेड्यूलर शक्यतो आधी मोकळे कोअर वापरतो. ८० पैकी ४० थ्रेड कामात असतील तर बहुधा सगळे ४० कोअर गुंतलेले असतात, आणि उरलेल्या ४० थ्रेडमधून मिळणार ती कोअरमधल्या बसून राहिलेल्या शाखांची थोडी भर. कंपाइल करणाऱ्या आणि वेब विनंत्या हाताळणाऱ्या व्हीएमना ती भर चांगली जाणवली, गेस्टमधला स्टील टाइम (प्रोसेसर मिळायची वाट पाहण्यात जाणारा वेळ) स्पष्ट उतरला. आकडेमोडीत कोअर पूर्ण पिळून काढणाऱ्या एका व्हीएमला फरक पडला नाही. क्षमतेच्या तक्त्यात आम्ही आता थ्रेड आणि कोअर असे दोन रकाने ठेवतो, प्रमाण कोअरवर काढतो, आणि स्क्रिप्ट डीएमआयडीकोडऐवजी कर्नलची ऑनलाइन यादी वाचते.

याच सुमारास एक तक्रार आली जी ऐकायला अगदी हीच होती: विंडोज १० प्रोच्या एका व्हीएमला आठ व्हीसीपीयू दिले, टास्क मॅनेजरमध्ये दोनच दिसतात. होस्टचं हायपरथ्रेडिंग दुरुस्त करताना काहीतरी बिघडलं, अशी चर्चा सुरू झाली. त्याचा होस्टशी काही संबंध नव्हता. व्हीएमच्या व्याख्येत रचना दिलेली नव्हती आणि त्या जुन्या क्यूईएमयूने (व्हीएमचं हार्डवेअर उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरने) आठ व्हीसीपीयू आठ सॉकेट म्हणून मांडले होते. विंडोज १० प्रो दोनच सॉकेट वापरतं. क्यूईएमयूच्या ६.२ आवृत्तीपासून आधी कोअर वाढवले जातात, सॉकेट नाही. व्याख्येत एक सॉकेट, आठ कोअर, एक थ्रेड असं लिहिलं आणि आठही दिसले. थ्रेड मुद्दाम एकच ठेवला. व्हीसीपीयू पिन केलेले नसताना गेस्टला दोन थ्रेडची रचना दाखवली तर तो ज्यांना एका कोअरचे भाऊ समजतो ते होस्टवर कुठेही फिरत असतात, आणि गेस्टचा शेड्यूलर खोट्या माहितीवर निर्णय घेतो.

इतर हायपरवायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्यांनी हे ऐकून आपापल्या खुणा सांगितल्या, त्या इथे टिपून ठेवते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर एल१टीएफनंतरचा पहिला सुरक्षित शेड्यूलर चालू असेल तर हायपरथ्रेडिंग 'एनेबल्ड' खरं आणि 'अ‍ॅक्टिव्ह' खोटं असं एकाच यादीत दिसतं. आवृत्ती ६.७ च्या दुसऱ्या अपडेटपासून दुसरा प्रकार आला, तो एकाच व्हीएमला कोअरचे दोन्ही थ्रेड वापरू देतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर विंडोज सर्व्हर २०१९ पासून कोअर शेड्यूलर (एका कोअरचे थ्रेड एका वेळी एकाच व्हीएमला देणारा) मूळ निवड आहे. त्याच्याखाली जुन्या व्हीएममध्ये दर कोअरमागे एकच थ्रेड अशी सेटिंग राहिली असेल तर दुसरा थ्रेड रिकामाच बसतो.

बाहेरच्यांची व्हीएम असलेल्या आमच्या होस्टांवर नोएसएमटी आजही आहे आणि ते तसंच राहणार. लिनक्स ५.१४ मध्ये आलेल्या कोअर शेड्युलिंगमुळे एका कोअरचे दोन्ही थ्रेड एका वेळी एकाच विश्वासगटाला देता येतात आणि लिबव्हर्टमध्ये त्याची सोयही आहे. त्या होस्टांचे कर्नल अजून त्याआधीचे आहेत. पुढच्या आवृत्तीवर गेल्यावर आधी एका रिकाम्या होस्टवर ते तपासायचं, मॅडमना दाखवायचं, आणि त्यांची संमती मिळाली तर पुढे जायचं, असं ठरलं आहे. तोवर तक्त्यात त्या होस्टांसमोर निम्माच आकडा आहे, आणि शेजारच्या रकान्यात त्याचं कारण लिहिलेलं आहे.